व्हॉल्व्हॉक्स आनेकलला निघाले

"आता सांगतो त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही," पुरणाच्या ओबट्ट्याचा घास गिळत मल्हारराव म्हणाले, "पण भार्गवी, तुझे हिरवे गोळे आपल्या पायांनी गेले."

वरण वाढता वाढता अनुसूयाची पळी पातेल्यातच थांबली. गोळे कुठे गेले ते तिला पक्कं ठाऊक होतं. युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, पहाटे घरातलं सगळं शिळं पाणी झाडांना ओतायचं आणि भांडी ताजी भरायची, ही या घराची रीत. त्या झपाट्यात तिनं खिडकीतल्या बरणीचं हिरवट पाणीही मोगऱ्याच्या कुंडीत रिकामं केलं. सुनेनं शहराबाहेरच्या आनेकलच्या तळ्यातून आणून, संशोधनासाठी जिवापाड वाढवलेलं व्हॉल्व्हॉक्स नावाचं, पोटातच पिल्लं वाढवणाऱ्या बारीक गोळ्यांचं शेवाळ त्यात होतं. नवी सून आत्ता कुठे मोकळं बोलायला लागली होती. ती पुन्हा खोलीचं दार लावून बसेल, या धास्तीनं अनुसूया सकाळी सासऱ्यांपुढे, मल्हाररावांपुढे, रडली होती. ते म्हणाले होते, "सरी, बरं, मी बघतो." आणि बघत होते ते हे असं.

"पाय नसतात त्यांना, अज्जा," भार्गवी म्हणाली. "केसाहून बारीक शेपट्या असतात."

"त्याच हलवत गेले. उजेडाकडे धावतात, हे तूच सांगितलंस ना? पहाटे समोरच्या देवळावर सणाची रोषणाई लागली, झालं. पुढे एक म्हातारा गोळा, पोटात पाच-सहा लेकी."

"म्हाताऱ्याच्या पोटात लेकी?"

"बरं, म्हातारी म्हण. स्वल्प सांभाळून घे की. काठावरून उडी मारली, जिना उतरले, जे. पी. नगरच्या थांब्यावर आनेकलची बस धरली. कंडक्टरनं तिकीट मागितलं तर म्हातारी म्हणते, पोटातल्यांचंही काढायचं का?"

भार्गवी हसली नाही. पानावरून उठून स्वयंपाकघरात गेली. अनुसूयानं मल्हाररावांकडे पाहिलं. त्यांनी पापडात लक्ष घातलं.

सून बरणी हातात घेऊन बाहेर आली. ओठ दाबून धरले होते, पण हसू काही थांबत नव्हतं.

"साफ खोटं, अज्जा. पळून जाणारे जाताना बरणी घासून, पुसून, ओट्यावर उपडी घालून जातात होय? अत्ते, कुठल्या कुंडीत ओतलंत? खालच्या ताटलीत पाणी उतरलं असेल. एक गोळा जिवंत सापडला तरी बरणी पुन्हा भरेल. चला, चमचा तुम्ही धरा."