उबेची खोली

बाईंनी मला शाळेत विज्ञान शिकवलं आणि दोनदा नापासही केलं. तासभर मी खिडकीबाहेर बघत बसायचो, म्हणून त्यांनी माझं नाव 'खिडक्या' ठेवलं होतं. पुढे मी सुतार झालो, दारं-खिडक्याच बसवायला लागलो. एकदा बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुझा कल मला आधीच कळला होता." हसल्या नाहीत. विनोद करताना बाई कधीच हसायच्या नाहीत.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांनी मला घरी बोलावलं. घर त्यांच्या धाकट्या भावाचं. म्हणजे बांधलं वडिलांनी, पण भावाचं लग्न ठरलं तेव्हा बाईंनी आपला हिस्सा त्याच्या नावावर करून दिला होता. आई गेली तेव्हा भाऊ सात वर्षांचा. त्याचा डबा, त्याचा अभ्यास, त्याची दुखणीखुपणी, सगळं बाईंनी काढलं, आणि त्यात त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. आता घरात भाऊ, भावजय, भाचा आणि त्या. बाईंची खोली मागच्या अंगाला, उत्तरेकडे. तिथे ऊन म्हणून यायचं नाही.

त्यांनी टेबलावर कागद पसरला. पेन्सिलीनं काढलेला आराखडा, कोपऱ्यात बारीक अक्षरात आकडेमोड.

"मला हिवाळ्यात ताजा पालक खायचाय," त्या म्हणाल्या. "हीटर न लावता पिकवलेला. जमेल तुला?"

आमच्याकडचा हिवाळा कडक. चार-पाच महिने जमीन दगडासारखी असते. बाजारात भाजी येते ती ट्रकमधून आठवडाभर प्रवास करून, मान टाकलेली.

"काचेचं घर बांधायचं, एवढंच ना?" मी म्हणालो.

"एवढंच असतं तर तुला दोनदा नापास का केलं असतं? ऊन आत घेणं सोपं आहे. आत आलेलं ऊन संध्याकाळी निसटू द्यायचं नाही, हे खरं काम."

उन्हाळा सरता सरता आम्ही कामाला लागलो. घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून जागा होती, साधारण बारा पावलं लांब. आधी दोन हात खोल खणलं आणि पायाच्या कडेनं थर्माकोलचे जाड पत्रे उभे गाडले, म्हणजे बाहेरची थंडी जमिनीतून आत शिरायला नको. एका जुन्या कचेरीची इमारत पाडत होते, तिथून दुहेरी काचांच्या खिडक्या उचलून आणल्या. हिवाळ्यातलं ऊन तिरपं येतं म्हणून काचा उभट लावायच्या, असं बाईंचं म्हणणं. मी अंदाजानं चौकट धरली तर त्यांनी कोनमापक आणून लावला आणि मला ती पुन्हा उतरवायला लावली. दोन्ही बाजूंच्या भिंती लाकडी, मध्ये भुसा आणि लोकर ठासून भरलेली. मागच्या भिंतीशी पाण्यानं भरलेली अठरा पिंपं, काळी रंगवलेली. दिवसभर ती ऊन पिणार, रात्री हळूहळू सोडणार. खाली हवा आत यायला झडपा, आणि वर एक झडप, तिला मेण भरलेली नळी. आत तापलं की मेण फुगतं, दांडा पुढे सरकतो, झडप आपोआप उघडते. गार झालं की मिटते. छपरावरच्या छोट्या सौर पॅनलवर एक पंखा चालायचा. वर साठलेली गरम हवा तो नळ्यांमधून मातीखाली ढकलायचा.

पिंपं बाईंनी स्वतः रंगवली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी जुना शर्ट चढवून, डोक्याला रुमाल बांधून. भावजय दारात येऊन म्हणाली, "ताई, आपल्या घराचा घासलेटचा डेपो झालाय."

"गिऱ्हाईक आलं तर बसवून घे," बाई म्हणाल्या.

भाऊ वाईट माणूस नव्हता, हे मला सांगायलाच हवं. मऊ बोलायचा. "ताई, आयुष्यभर राबलीस, आता आराम कर की," असं म्हणायचा. आणि बाईंच्या हातातली बादली मात्र कधी घ्यायचा नाही.

पहिल्या हिवाळ्यात, ऐन थंडीच्या एका सकाळी माझा फोन वाजला. मी दात घासत होतो.

"खिडक्या, बाहेर उणे नऊ. आत सहा." फोन बंद.

मी तोंडात फेस तसाच घेऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांनी बाईंच्या हातून पास झालो होतो.

त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे पालक झाला, कोथिंबीर, मुळे, कांद्याची पात झाली. फेब्रुवारीत टोमॅटोला फुलं आली. मी गेलो की बाई आधी तापमानाची वही दाखवायच्या, मग एकेक वाफा. कुठल्या वाफ्याला किती ऊन मिळतं, मुळांशी किती ऊब आहे, सगळं तोंडपाठ. मी त्यांना शाळेत तीन वर्षं रोज पाहिलं होतं. इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

आणि घरातली बाकीची माणसंही तिथे येऊन बसायला लागली. साहजिकच होतं. घरात सगळे स्वेटर घालून हात चोळत फिरायचे आणि या एका जागी अकरा वाजता बाह्या वर कराव्या लागायच्या. भाऊ खुर्ची आणि पेपर घेऊन यायचा. भावजय धुतलेले कपडे वाळत घालायची. बाई म्हणाल्या, "ओलाव्यानं पानांना बुरशी धरते गं, इथे नको." भावजयीनं कपडे काढले, पण आठवडाभर बोलली नाही. भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांना भावानं तिथेच बसवलं. "आमचा उन्हाचा हॉल," असं तो म्हणाला. मी तिथे बिजागऱ्यांना तेल घालत होतो. बाईंनी एका पाहुण्याच्या बुटाखालून पाण्याची नळी बाजूला सरकवली.

लग्न झालं. नवं जोडपं पुढच्या लहान खोलीत राहू लागलं. तिथे पलंग टाकला की कपाटाचं दार उघडायचं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या सुरुवातीला, बाई अंगणातल्या बर्फावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि पुढे चालायला शिकवणाऱ्या केंद्रात सहा आठवडे ठेवायचं ठरलं.

दहाव्या-बाराव्या दिवशी भावानं मला बोलावलं. काचेच्या घरात उभं राहून आजूबाजूला हात फिरवत म्हणाला, "हे जरा राहण्यासारखं करायचंय. फरशी घालायची, पिंपं आणि वाफे काढायचे. पोरांना खोली होईल."

"बाईंना विचारलंत?"

"डॉक्टरांनी तिला वाकायलाच मनाई केलीय. आता हे कोण करणार? तीच म्हणाली, काय करायचं ते करा."

तो माझ्याकडे बघत नव्हता, टोमॅटोच्या वेलाकडे बघत होता. माझा फोन खिशात होता. केंद्राचा नंबरही माझ्याकडे होता, दोनच दिवसांपूर्वी मी बाईंशी बोललो होतो. त्यांनी मला सांगितलं होतं, "भाऊला आठवण करून दे, काचांवरचा जाड पडदा संध्याकाळी पाचच्या आत ओढायचा."

मी फोन काढला नाही. हे मी स्वतःशी अनेकदा घोळवून बघितलंय. कामाची गरज होती का? तेवढी नव्हती. भावाची भीड पडली का? थोडी. पण खरं कारण एकच. विचारलं तर उत्तर काय येईल हे मला माहीत होतं, आणि ते आलं असतं तर मला भावासमोर उभं राहून नाही म्हणावं लागलं असतं. ते मला जमणारं नव्हतं.

अठरा पिंपं मी अंगणात उपडी केली. पाणी पसरलं आणि तासाभरात गोठलं. मातीखालच्या नळ्या उपसल्या, वाफे फोडले, फरशी घातली. खालच्या झडपांतून वारा येतो म्हणून त्या फळ्या ठोकून बंद केल्या. वरची झडप भाऊ म्हणाला बंद कर, तीही केली. मेणाची नळी काढून खिशात टाकली. भावजयीनं झाडं बादल्यांत लावून ओसरीवर ठेवली. "जगतील," ती म्हणाली. सकाळी बघितलं तर पालक काळा पडून उकडल्यासारखा झाला होता. हिरवे टोमॅटो तेवढे घट्ट होते, गोठलेले.

बाई घरी आल्या त्या दिवशी मी न्हाणीघरात त्यांच्यासाठी भिंतीला आधाराची दांडी बसवत होतो. चार पायांची काठी टेकत त्या आल्या. भावानं त्यांना सरळ तिकडेच नेलं. खिडकीजवळ नवी खुर्ची ठेवली होती, तिच्यावर उशी.

"बघ ताई. तुझ्यासाठी खास उन्हातली जागा. दिवसभर बसत जा इथे."

नवी सूनबाई पलंगावरच्या कपड्यांच्या घड्या करत होती. ती उठून उभी राहिली. तिला बिचारीला काय माहीत. तिला वाटलं असणार, सगळं आत्याबाईंच्या संमतीनंच झालंय.

बाईंनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे आता कपाट होतं.

"पिंपं कुठे गेली?"

"भंगारवाल्याला दिली," भाऊ म्हणाला. "ताई, तू म्हणालीस ना, काय करायचं ते करा?"

"पिकाबद्दल म्हणाले होते," बाई म्हणाल्या. "पालक जून झाला तर काय करायचं, असं विचारलं होतंस तू."

बाईंनी वर पाहिलं. "झडप कोणी बंद केली?"

मी दारात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभा होतो. "मी, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या. मग भावाला म्हणाल्या, "मला माझ्या खोलीत ने."

त्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत.

पुढे जे व्हायचं तेच झालं. पिंपं नसल्यामुळे ऊब धरून ठेवायला काही उरलं नव्हतं. दुपारी खोली भट्टीसारखी तापायची आणि सूर्य मावळला की घरातली सगळ्यात गार जागा तीच. मग हीटर आणला. काचांवर आतून पाणी धरायला लागलं, ते ओघळून पलंगाच्या बाजूची भिंत काळी पडली. सूनबाईला दिवस गेले होते. तिचा खोकला हटेना. भाऊ बाईंकडे गेला.

"ताई, जरा बघतेस का? तुला त्यातलं कळतं."

"आठवत नाही आता," बाई म्हणाल्या. मला हे भावजयीनं सांगितलं, आणि वर म्हणाली, "डोकं चांगलं चालतं त्यांचं. मुद्दाम करतात. पोटुशी बाई खोकतेय, तरी दया नाही."

मग भावानं मला पाठवलं. बाई त्यांच्या खोलीत अंगावर रजई घेऊन बसल्या होत्या. मी स्टुलावर टेकलो. माफी मागायचं ठरवून गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"बाई, त्या खोलीचं काय करू?"

"तुला माहितीये काय करायचं. तूच बांधलंस."

"तरी तुम्ही एकदा सांगितलंत तर बरं होईल."

"खिडक्या," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "विचारायचं होतं तेव्हा विचारलं नाहीस. आता मला विचारून तुला मोकळं व्हायचंय."

त्यांनी बाजूचं पुस्तक उचललं आणि वाचायला लागल्या. मग मी उठलो, खालच्या फळ्या उचकटल्या, वरची झडप मोकळी केली, नळी परत बसवली. बुरशी थांबली. थंडी काही थांबली नाही. पिंपांना आता जागाच नव्हती. उन्हाळा लागायच्या आत पोरगा आणि सूनबाई भाड्याचं घर बघून निघून गेले. खोलीत जुना सोफा, बॅगा, लग्नातले रिकामे खोके जमा झाले. पुन्हा वाफे घालू, असं मी भावाला सुचवलं. तो म्हणाला, "आता फरशी फोडायची? राहू दे." बाईंना कोणी विचारलं नाही. आणि त्यांनीही मागितलं नाही.

मला मात्र त्या कामानं नाव मिळालं. काचेचं घर ज्यांनी ज्यांनी पाहिलं होतं ते मला बोलवायला लागले. मी पाच बांधली, सगळी बाईंच्या मापानं. मग एक माझ्या घरीही बांधलं. पुढच्या हिवाळ्यात पहिला पालक खुडला, तो कागदात गुंडाळून बाईंकडे घेऊन गेलो. त्या जेवायच्या टेबलाशी होत्या. मी पुडी समोर ठेवली.

"माझ्याकडचा आहे. बाहेर उणे सात होतं, आत पाच."

त्यांनी पुडी उघडली. एक पान उचलून मागून-पुढून बघितलं, देठ मोडून पाहिला. "पाणी जास्त झालंय," म्हणाल्या, आणि पुडी मिटून भावजयीकडे सरकवली.

भावजयीनं लगेच परतून भाजी केली, मलाही जेवायला बसवून घेतलं. भाऊ म्हणाला, चव काही औरच आहे. भावजय बाईंना वाढायला आली, तेव्हा बाईंनी ताटावर हात आडवा धरला. भावजयीला वाटलं, थोडीच हवी असेल. ती चमचा घेऊन तशीच उभी राहिली. बाईंनी हात काढला नाही.