टू-स्ट्रोकचा वास

रत्नाबाईंनी मळलेली कणीक नाकाशी नेली आणि तशीच उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

झाकून ठेवली होती, तरी वास शिरलाच होता. गॅरेजमधून स्वयंपाकघरात उघडणारं दार कितीही घट्ट लावलं तरी फटीतून तो यायचा. जळक्या तेलाचा, पेट्रोलचा, जिभेला चिकटून बसणारा. वरणाला यायचा, टॉवेलांना यायचा, सकाळी जाग आली की उशीलाही यायचा. लेकीकडे अमेरिकेत मॉरिसव्हिलला येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते, पण या घरात अन्नाला चव म्हणून राहिलेली नाही, असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

हात धुऊन त्यांनी डाळीसाठी पातेलं शोधलं. पुण्याहून सामानात घालून आणलेलं, जाड बुडाचं. ते कपाटात नव्हतं. सापडलं ते घरामागच्या लाकडी डेकवर, गॅसच्या शेगडीवर. आत लिंबाच्या फोडी घातलेलं पाणी उकळत होतं आणि त्या पाण्यात लोखंडासारखं काहीतरी गडगडत होतं. वर हिरवट काळा तवंग.

"उपासना, हे काय शिजत घातलंयस?"

"गाडीचा कार्बोरेटर आहे गं." उपासना गुडघे झटकत उठली. "लिंबात उकळला की सगळा चिकटा निघतो. सॉरी आई, मी तुला नवीन पातेलं आणते."

"आणि हे?"

"हे आता गॅरेजला ठेवू."

रत्नाबाईंनी तिच्या नखांकडे पाहिलं आणि नजर वळवली. आठवडाभर ही मुलगी औषधांच्या कंपनीत पांढरा कोट घालून, हातमोजे चढवून काम करायची. सुट्टीच्या दिवशी तीच त्या जुन्या टू-स्ट्रोक यामाहा मोटारसायकलच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसायची. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेडमधून तिने ती गाडी आणली होती. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केलं होतं, हे तिने जेवताना हसत सांगितलं, तेव्हा रत्नाबाईंनी ताट बाजूला सारलं होतं. जावई अतुल या भानगडीत पडायचा नाही. छंद आहे, म्हणायचा. गाडी चालू व्हायची, थोडा वेळ खोकायची, बंद पडायची. धूर मात्र दिवसभर घरात फिरायचा.

शनिवारी सकाळी निमिष आला. तो पुण्याचाच, अतुलबरोबर काम करणारा, असल्या गाड्यांचा वेडा. रत्नाबाईंनी केलेला शिरा त्याने दोनदा मागून घेतला आणि मग उपासनाबरोबर गॅरेजमध्ये गेला. लिंबात शिजलेला तो कार्बोरेटर बसवला. या वेळी इंजिन पहिल्याच किकला चालू झालं आणि बंद पडलं नाही. सायलेन्सरमधून निळा धूर भसाभसा बाहेर पडू लागला.

"काकू, या ना बाहेर," निमिषने हाक मारली. "हा वास आता इंडियातही मिळत नाही."

रत्नाबाई दारात आल्या. निमिष सायलेन्सरपाशी उकिडवा बसला होता, डोळे मिटून, अत्तराची कुपी हुंगावी तसा.

"यार, कॉलेज आठवलं. तुम्हाला नाही काही आठवत, काकू?"

"नाही," रत्नाबाई म्हणाल्या आणि पदर नाकाला लावून आत गेल्या. त्यांनी त्याची शिऱ्याची वाटी दोन बोटांनी उचलली आणि गरम पाण्याखाली बराच वेळ धरून ठेवली.

निमिष गेल्यावर उपासनाने सायलेन्सर उतरवला. आत जमलेली काजळी काढल्याशिवाय गाडी मोकळी पळणार नाही, असं तिचं म्हणणं. रत्नाबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा ती त्यात सळई खुपसून ठोकत होती. खाली पुठ्ठा अंथरला होता. दोन ठोके पडले आणि एक गोळा पुठ्ठ्यावर येऊन पडला. काळा, ओला, तेलाने चकाकणारा. सळई वर उचलताना त्याची तार ओढली गेली, लांबली आणि तुटली.

रत्नाबाईंनी कप जमिनीवर ठेवला. हिरवळीच्या कडेपर्यंत त्या कशाबशा पोचल्या आणि ओकल्या.

"आई." उपासना धावत आली.

"हात लावू नकोस मला."

उपासनाने आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते मागे घेतले. आतून पाणी आणून तिने बाटली आईजवळ ठेवली. रत्नाबाईंनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि गॅरेजच्या पायरीवर बसल्या.

"तुझ्या बाबांच्या खोकल्यातून असंच पडायचं," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी. असंच काळं. अशीच तार यायची."

तिचे बाबा ज्ञानदेव ट्रॅफिकचे हवालदार होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पुण्याच्या चौकांत काढली, रिक्षा आणि स्कूटरींच्या धुरात, तोंडाला रुमाल बांधून. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"तुला नुसता दमा सांगितला होता. तेच म्हणायचे, पोरगी शिकतेय, तिला नको सांगू. मी रुमाल वेगळे धुवायची. सोड्यात उकळायची. तरी काळे ते काळेच."

उपासना फडक्याने एकेक बोट पुसत होती.

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मोरीत मागच्या बाजूला बादली असायची. वर ताट झाकलेलं. मी एकदा ताट उचललं होतं."

रत्नाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"आणि तरी तू हे घरात आणलंस. ज्यानं तुझा बाप खाल्ला, ते माझ्या पातेल्यात शिजवलंस."

उपासना खाली, काँक्रीटवरच बसली.

"ते ड्युटीवरून आले की मी त्यांच्या पोटाला मिठी मारायची. बेल्टचं बकल कपाळाला लागायचं. तेव्हा हाच वास यायचा, आई. साबणाचा नाही, घामाचा नाही, हा. फोटो आहेत माझ्याकडे. फोनमध्ये आवाजही आहे. वास कुठे ठेवायचा?" तिने फडकं खाली ठेवलं. "मी ही गाडी घ्यायला गेलेच नव्हते. अतुलला टेबल हवं होतं, ते बघायला गेलो होतो. त्या म्हाताऱ्याने सहज चालू करून दाखवली आणि मी रडायला लागले. तो बिचारा घाबरला."

"त्यांना स्वतःला किळस होती त्या वासाची. दारातच शर्ट काढून टाकायचे."

"हो. म्हणून मी त्यांना दारातच गाठायची."

समोरच्या घरापुढे कुणीतरी पाइपने गाडी धूत होतं.

"विकून टाकू?" उपासनाने विचारलं. "खरंच सांग. उद्या न्यायला येतील."

तिने थोडी वाट पाहिली, मग तो पुठ्ठा दुमडून पिशवीत बांधला. सायलेन्सर पुसून पुन्हा बसवला. बोल्ट आवळताना तिची पाठ आईकडे होती. खांदे उतरते, मान किंचित डावीकडे झुकलेली. ज्ञानदेव बुटांना पॉलिश करायला बसले की पाठमोरे असेच दिसत.

"बाहेर नेऊन बघते एकदा," ती म्हणाली. "तू आत जा."

"नाकाला काहीतरी बांध," रत्नाबाई म्हणाल्या.

उपासनाने गळ्यातला स्कार्फ नाकावर ओढून घट्ट बांधला, वर हेल्मेट चढवलं. किक मारताच गाडी सुरू झाली. आवाज आता स्वच्छ होता, पण धूर तसाच, निळा आणि जड. ती ड्राइव्हवेवरून खाली उतरली, टपालपेट्यांपाशी वळली आणि दिसेनाशी झाली.

वारा नव्हता. धूर गॅरेजच्या तोंडाशी लोंबकळत राहिला. रत्नाबाईंनी आपोआप श्वास रोखला होता. बादलीवरचं ताट काढताना त्या असाच रोखून धरायच्या, रुमाल पिळून होईपर्यंत. आत जायला चार पावलं होती. त्या गेल्या नाहीत. छाती भरून आली, कानशिलं ठणकू लागली, आणि मग तोंड उघडून त्यांनी श्वास घेतला.

घशाशी पुन्हा आंबट आलं. भिंतीला हात टेकवून त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि डोळे मिटून त्यांनी आणखी एक श्वास घेतला, या वेळी नाकाने.