उशिराचं कारण

बायनाबाईला परीक्षेसाठी इरमनंच बोलावलं होतं. जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजात इरम नेत्रविभागाची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट होती, आणि वरच्या वर्गाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला पेशंट जमवायचं काम दुसऱ्या वर्षाकडं असे. मोतीबिंदूचे दोन, काचबिंदूचा एक, पडद्याचा एक आणि डोळ्यात फूल पडलेला एक. फुलासाठी बायनाबाई. आष्टीकडची, पंचेचाळिशीची ऊसतोड करणारी बाई. दोन वर्षांपूर्वी फडात उसाचं पातं उजव्या डोळ्याला लागलं, जखमेत बुरशी वाढली आणि बुबुळ पांढरं पडलं ते कायमचं.

मे महिना होता. वॉर्डातले पंखे नुसती गरम हवा फिरवत होते. रवि नावाचा परीक्षार्थी डॉक्टर बायनाबाईच्या खाटेशी उभा राहून बाहेरून आलेल्या परीक्षकांना सांगत होता, "सर, पेशंट ऊसतोड कामगार आहे. इजा झाल्यावर तिनं दुर्लक्ष केलं. अज्ञानामुळं उपचाराला एकोणीस दिवस उशीर झाला."

"कुनी केला उशीर?" बायनाबाई म्हणाली.

रवि गोंधळला. "मावशी, डोळा हलवू नका."

"डोळा न्हाई हलवत. पर मी दुसऱ्याच दिशी दवाखान्यात गेलते. ह्ये खोटं हाय."

विभागप्रमुख डॉ. अमरनाथ शेटे पुढं झाले. "बाई, परीक्षा चालू आहे. तुमचं नंतर ऐकू."

बायनाबाईनं उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "मंग डोळा बी नंतरच बघा."

कुणी काही केलं तरी तिनं हात काढला नाही. शेवटी रविला दुसरा पेशंट द्यावा लागला. शेटे सरांनी इरमकडं असं पाहिलं, की ती बायनाबाईला घेऊन तडक बाहेर व्हरांड्यात आली.

"मावशी, माझी अब्रू घालवलीत तुम्ही. फायलीत तसंच लिहिलंय. तुम्हीच सांगितलं होतंत."

"मी?"

"गेल्या वर्षी तुम्ही तपासणीला आलात तेव्हा मीच लिहून घेतलंय. मी विचारलं, उशीर का केलात. तुम्ही म्हणालात, चुकलं, अडाणी आहोत आम्ही."

बायनाबाई कठड्यावर टेकली. "आगं, उशीर कावून केला म्हनून इचारलंस तू. चोराला इचारावं तसं. मानूस चुकलं म्हनतंय आन् मोकळं व्हतंय. पयलं कुनाकडं गेलते, ह्ये इचारलं आसतंस तर सांगितलं आसतं."

"मग आता सांगा."

तिनं सांगितलं. संध्याकाळी पातं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच कारखान्याजवळच्या गावात एका डॉक्टरकडं गेली. त्यानं थेंब दिले. दोन दिवस लई आराम पडला, लाली गेली. मग पुन्हा ठणका सुरू झाला तसा टोळीच्या मुकादमाशी भांडून ती गावाकडं आली आणि आष्टीच्या दवाखान्यात गेली. तिथंही थेंब दिले. पुन्हा आराम, पुन्हा ठणका. बारा दिवसांनी तिथल्या माणसानं हात वर केले आणि इकडं पाठवलं.

इरमच्या प्रबंधाचा विषयच हा होता, ऊसतोड कामगारांच्या बुबुळाच्या जखमा. चौसष्ट पेशंटांचे फॉर्म तिनं भरले होते आणि त्यातल्या बावन्नांमध्ये उशिराच्या कारणापुढं तिच्याच अक्षरात एकच शब्द होता, अज्ञान. थेंब टाकल्यावर आधी आराम आणि मग नासाडी, हे लक्षण तिला पुस्तकातून पाठ होतं. स्टिरॉइडच्या थेंबांनी लाली उतरते, आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं.

जूनपासून दर रविवारी ती पहिली एसटी पकडून आष्टीला जाऊ लागली. स्टँडवर बायनाबाई उभी असे. फायलीतल्या पत्त्यांवर दोघी जात. कडा गाव, त्याच्या आसपासच्या वस्त्या, कधी पायी, कधी माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून. पहिल्या दोन-चार घरांत इरमनं वही उघडली की माणसं हात जोडत, "चुकलं बघा आमचं." मग बायनाबाई म्हणाली, "तू गप बस. मी इचारते." ती उंबऱ्यावर बसायची, आधी शेळ्यांचं, लेकरांचं विचारायची, स्वतःचा पांढरा डोळा दाखवायची आणि मग म्हणायची, "लागलं तवा पयलं कुनाकडं गेलता?"

आणि लोक सांगायचे. वार सांगायचे, डॉक्टरचा दवाखाना कुठल्या पिंपळाशेजारी होता ते सांगायचे. मुक्ताबाई नावाच्या म्हातारीनं तर थेंब देणाऱ्याच्या शर्टाचा रंग सांगितला. ऑगस्टअखेरपर्यंत एक्कावन्न माणसं सापडली. त्यातली त्रेचाळीस तिसऱ्या दिवसाच्या आत कुणाकडं तरी गेलेली होती.

मुक्ताबाईनं कोनाड्यातून बाटली काढून दिली ती ऑगस्टात. निळ्या झाकणाची, अर्धी भरलेली. "टाकू कशी? लई भारी आवशीद हाय म्हनला व्हता."

इरमनं बाटली उजेडात धरली. आत स्टिरॉइड होतं, हे तिला अपेक्षितच होतं. बाटलीवर एक छोटी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर तिच्याच कॉलेजच्या ट्रस्टचा शिक्का होता. आष्टीचं नेत्रकेंद्र.

"मावशी," ती बायनाबाईकडं वळली, "तुम्ही आष्टीच्या दवाखान्यात गेलात म्हणालात, तो आपला दवाखाना?"

"मंग कुनाचा? मला वाटलं तुला ठाव हाय."

त्या दिवशी परतीच्या एसटीत इरम तो शिक्का पुन्हा पुन्हा वाचत राहिली. केंद्र शेटे सरांनी दहा वर्षांपूर्वी स्वतः सुरू केलं होतं. तिथं डॉक्टर आठवड्यातून एकदाच जात. बाकीचे दिवस सलीम नावाचा सहायक सांभाळायचा, सरांनी लिहून दिलेल्या कागदावरून. त्या कागदावर लाल डोळ्यापुढं याच थेंबांचं नाव होतं. इरमनं तो कागद पाहिला होता. इतके दिवस तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

सगळी घरं झाल्यावर तिनं तक्ता सरांच्या टेबलावर ठेवला. एकोणतीस जणांना स्टिरॉइडचे थेंब मिळालेले. त्यातले अकरा आष्टीच्या केंद्रातून.

सरांनी तो सावकाश वाचला. चष्मा काढला.

"लोकांच्या आठवणीवर प्रबंध लिहिणार तू?"

"बाटल्या आहेत, सर. सात बाटल्या. आणि केंद्राच्या नोंदवहीत नावं जुळतात."

"त्या केंद्रातून किती हजार मोतीबिंदू निघाले, माहितीय? तिथं आधी कुत्रं फिरकत नव्हतं." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट थकला होता. "हे अकरा काढून टाक. बाकी बाहेरच्या डॉक्टरांचं लिही, मी लगेच सही करतो. चांगलं काम आहे. कॉन्फरन्सला पाठवू."

"नाही, सर."

"काय?"

"अकरा काढायचे असतील तर चौसष्टही काढावे लागतील. पूर्वी मी 'अज्ञान' लिहिलं, त्यावर तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की हे कशावरून. आता विचारताय."

"माझ्या सहीशिवाय विद्यापीठ प्रबंध घेत नाही."

"माहिती आहे, सर."

घरी तिचे वडील जाकीर मिस्त्री ट्रॅक्टरच्या पंपाचे भाग रॉकेलमध्ये धूत बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "बेटा, आदी सही घे. डिग्री हातात येऊ दे. मग काय लडायचं ते लड."

"तोवर अजून किती डोळे जातील, अब्बा?"

"तू एकटी किती वाचवशील?"

"मोजलं नाही. पण एका ओळीत अकरा माणसं खोटी पाडून मी डॉक्टर होणार नाही."

जाकीर मिस्त्रींनी पंपाचा भाग पुन्हा रॉकेलमध्ये बुडवला. रहेमतबीनं, इरमच्या आईनं, ताट वाढलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या डोळ्यात बॅटरीचं पानी उडालतं तवा मी पन कुनाचं न ऐकता तुमाला दवाखान्यात नेलं व्हतं. तिला जेवू द्या."

विभागात दर बुधवारी चर्चासत्र असे. त्या बुधवारी इरमची पाळी होती आणि सरांनी निरोप पाठवला होता, प्रबंध सोडून दुसरा विषय घे. तिनं काचबिंदूचा विषय जाहीर केला, आणि पडद्यावर पहिलंच चित्र लावलं ते निळ्या झाकणाच्या बाटलीचं.

"आपल्याला शिकवतात, रुग्णाचा इतिहास नीट घ्या," ती म्हणाली. "मी चौसष्ट वेळा चुकीचा घेतला. मी विचारलं, उशीर का केलात. ऊसतोड करणाऱ्या एका बाईनं मला प्रश्न बदलायला शिकवलं. प्रश्न बदलल्यावर ही बाटली सापडली. शिक्का वाचता येतोय ना सगळ्यांना?"

शेटे सर उभे राहिले. "सत्र संपलं."

खुर्च्या सरकल्या. एकेक करून सगळे उठले. इरम थांबली नाही. पुढचं चित्र लावलं. पहिल्या वर्षाची करिष्मा दारापर्यंत गेली, तिथून परत आली आणि पुढच्या रांगेत बसली. मागं आणखी दोघं बसलेले होते. त्या तिघांना इरमनं सगळं शेवटपर्यंत सांगितलं. एक्कावन्नांमधली एकेक गोष्ट.

सही मिळाली नाही. प्रबंधाची मुदत टळली, म्हणजे परीक्षेचीही. इरमच्या सोबतची मुलं अभ्यासाला बसली आणि इरमला तीन महिन्यांसाठी आष्टीच्या केंद्रात पाठवण्याचा आदेश निघाला. ही शिक्षाच होती, सगळ्यांना कळत होतं. शेजारच्या विभागातल्या डॉ. शिवगंगा मॅडमनी तिला जिन्यात गाठलं. त्या गावोगावच्या आरोग्याचा विषय शिकवत. फारशी ओळखही नव्हती.

"करिष्मानं मला तुझा तक्ता दाखवला. मार्गदर्शक बदलायचा अर्ज कर. माझं नाव घाल."

"मॅडम, तुम्हाला त्रास होईल."

"होईल. विद्यापीठ सहा महिने काढेल. तुझं एक सत्र गेलंच आहे, ते परत येणार नाही. अर्ज आजच कर."

आष्टीच्या केंद्रात पहिल्याच दिवशी इरमनं कपाट उघडलं आणि निळ्या झाकणाच्या सगळ्या बाटल्या खोक्यात भरल्या. सलीम हात चोळत उभा होता.

"मॅडम, सरांच्या कागदावर हायेत ते. माझी नोकरी जाईल."

"तुमचं नाव मी कुठंही लिहिलेलं नाही, सलीमभाई. तुम्हाला दिला तो कागद तुम्ही पाळलात. आता हा बघा." तिनं त्याला बसवलं. डोळ्यात टाकलेला तपासणीचा रंग जखमेवर कसा चढतो आणि निळ्या उजेडात ती हिरवी कशी चमकते, ते दाखवलं. "हिरवं दिसलं, की हे थेंब द्यायचेच नाहीत. बुरशीची साधी शंका आली तरी त्याच दिवशी कॉलेजात पाठवायचं."

सलीमनं तीनदा पाहिलं. मग हळूच म्हणाला, "दहा वर्सं झाली. ह्ये मला कुनी दाखिवलंच न्हाई कधी."

खोकं तिनं पोच घेऊन शेटे सरांकडं पाठवलं. उत्तर आलं नाही. पण तीन आठवड्यांनी सगळ्या केंद्रांना नवा कागद गेला आणि त्यात ते थेंब नव्हते. खाली सरांची सही होती. जुना कागद का बदलला, याबद्दल एक अक्षर नव्हतं. इरमनं तो दोनदा वाचला, सलीमला भिंतीवर लावायला सांगितला आणि कारण विचारणारं पत्र सरांना त्याच दिवशी लिहून टाकलं. मग दर आठवड्याला एक, असं चार वेळा.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागल्या. कड्याच्या रस्त्यावर ट्रक भरत होते. भांडी, कोंबड्या, पाण्याचे ड्रम, खोपीचे बांबू. सकाळी सातलाच बायनाबाई तीस-पस्तीस बाया घेऊन केंद्राच्या अंगणात आली. ती स्वतःही त्यांच्याच ट्रकनं निघाली होती. इरमनं पांढऱ्या पुठ्ठ्यावर मोठा डोळा काढला होता.

"पातं लागलं तर काय करायचं?" तिनं विचारलं.

"डोळा चोळायचा न्हाई," अंजू नावाची तरणी बाई म्हणाली. "स्वच्छ पान्यानं धुवायचा. त्याच दिशी दाखवायचं."

"आणि कुणी थेंब दिले तर?"

"ह्याच्यात स्टिरॉइड हाय का, इचारायचं."

"तो म्हणाला, तुला काय कळतंय, तर?"

बायनाबाई मागून ओरडली, "तर म्हनायचं, मला न्हाई कळत, तुला कळतंय तर लिवून दे! कागदावर लिवून दे म्हनायचं!"

बाया हसल्या. फाटकाशी त्यांच्या टोळीचा मुकादम येऊन उभा राहिला. "ए, चला गं! सकाळी सकाळी काय शाळा मांडली? गाडी निघायची हाय."

बायनाबाई त्याच्याकडं वळली. तिनं पदर मागं सारला आणि पांढरा डोळा त्याच्यासमोर धरला. "दोन साल झाली, पुन्यांदा ठणका लागला तवा तुला म्हनलं व्हतं, मला दवाखान्यात ने. तू म्हनलास फड आवरू दे. आज फड न्हाई, कोयता न्हाई. आज गाडी थांबंल."

"उशीर व्हतोय, बायना."

"व्हऊ दे. कुनामुळं झाला ते आज मी सांगीन समद्यास्नी."

मुकादम ट्रककडं गेला आणि हॉर्न दाबून धरला. इरमनं पुठ्ठा उचलून जास्त उंच धरला, आवाज चढवला.

"वाजू दे. पुढची कोण? तुम्ही सांगा आता, पातं लागलं तर पहिलं काय?"