हुतूतूची खुर्ची

आमच्या गावात हातांची खुर्ची एकच होती आणि ती परशुरामदादांची होती. त्यामुळे भात कापून झाल्यावर देवळासमोरच्या मळ्यात हुतूतूचे जे सामने होत, त्यांचे अध्यक्षही परशुरामदादाच असत. याला निवडणूक लागत नसे. सकाळी सामने भरवणाऱ्या मंडळाचा महादू येऊन खुर्ची डोक्यावर घेई, मागून दादा धुतलेलं धोतर सावरत चालत येत, आणि खुर्ची जिथे टेके तिथे दादा टेकत. बाकीचा गाव बांधावर, गोणपाटावर, नाहीतर स्वतःच्या टाचांवर बसे.

खुर्ची शिसवी, बैठक वेताची. दादांच्या चुलत्यांनी ती गोव्याहून होडीतून आणली होती. तिचा मागचा डावा पाय गेली सात वर्षं सैल होता. ही गोष्ट दादा आणि त्यांची बायको आनंदीबाई, एवढ्या दोघांनाच माहीत. भाताची गिरण चालवणाऱ्या माणसाला सुतार परवडत नव्हता असं नाही. पण खुर्ची सुताराकडे गेली की ती मोडकी आहे हे गावाला कळतं, आणि मग अध्यक्षाचं काय राहतं? म्हणून दादांनी खुर्ची सुधारण्याऐवजी बसणं सुधारलं. डावा पाय लांब सोडायचा, सगळा भार उजव्या हातावर टाकायचा आणि गाल तळहातावर टेकायचा. गावाला वाटे, दादा खेळाचा विचार करताहेत.

एकोणसाठ साली सत्यवान बोटीवरची नोकरी सोडून गावी आला. येताना त्याने दोन वस्तू आणल्या : विजेत्या संघासाठी चांदीचा मुलामा दिलेली ढाल आणि पंचांसाठी खरी शिटी. तोवर आमचे पंच तोंडात दोन बोटं घालून काम भागवत. ढाल बघून मंडळाच्या लोकांनी देवळात बैठक घेतली आणि चहा येण्याच्या आत सत्यवानाला अध्यक्ष केलं. दादांना हे कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या कोणीतरी सांगितलं असेल, असं प्रत्येकाने गृहीत धरलं. गावात अवघड निरोप याच पद्धतीने पोचवले जातात.

सामन्याच्या सकाळी महादू नेहमीप्रमाणे आला.

"दादानू, खुर्ची होयी."

"घे. मी धोतार बदलून इलंयच."

"धोतार कित्याक?" महादू म्हणाला, आणि मग त्याला उमगलं. तो समोरच्या माडाकडे बघू लागला. "यंदा सत्यवान बसतलो मां. तुमका कोणी सांगूक नाय?"

दादा आत गेले. आनंदीबाई चुलीशी होत्या.

"देऊची नसात तर नको म्हणान सांगा," त्या म्हणाल्या.

"नको म्हटलां तर गाव म्हणतलो, परशुराम जळता."

"मगे जळणास नाय?"

"मी कित्याक जळू? माका ढालीचा काय पडलासा? पत्र्याक चांदी फासली म्हणान कोण मोठो होता?"

"बरां. दिया तर. पण त्या पायाचां सांगा त्यांका."

दादांनी थोडा विचार केला. विचार करताना त्यांचा गाल आपोआप तळहातावर गेला.

"कोणी विचारल्यान तर सांगतलंय," ते म्हणाले.

महादूने काही विचारलं नाही. खुर्ची डोक्यावर घेऊन तो गेला.

दुपारी मळ्यावर सगळा गाव होता. सामना आमचा आणि रेडी गावाचा. रेडीचे गडी खाणीवर काम करणारे. त्यांच्या पोटऱ्या बघूनच आमचे दोन गडी पाणी प्यायला गेले. एका बांधावर बायका, दुसऱ्यावर बापये, आणि मधल्या रेघेसमोर दादांची खुर्ची. दादा खुर्चीच्या मागे, माडाला टेकून उभे राहिले. आनंदीबाई बायकांत बसल्या होत्या. तिथून त्यांना खेळ दिसत होता आणि नवराही. त्या बहुतेक वेळ नवऱ्याकडे बघत होत्या.

सत्यवान आला. पांढरी विजार, हिरवा चष्मा. गर्दीने वाट करून दिली. अशी वाट दादांना कधी करून द्यावी लागली नव्हती, कारण पुढे खुर्ची असे. तेवढ्यावरूनही दादांना वाईट वाटलं. पण ते शांत होते. त्यांना पुढचं ठाऊक होतं. हा माणूस धपकन बसणार, पाय सटकणार, आणि हिरव्या चष्म्यासकट अध्यक्ष मळ्यात.

सत्यवान बसला. त्याने डावा पाय लांब सोडला, उजव्या हातावर रेलला आणि गाल तळहातावर टेकला.

दादांनी डोळे चोळले. बसणं हुबेहूब त्यांचं होतं. सत्यवान जगभर फिरला असेल, पण त्याने आयुष्यात अध्यक्ष एकच पाहिला होता. सुट्टीवर आला की याच मळ्यात, याच खुर्चीत. अध्यक्षाने असंच बसायचं असतं, हे तो मनाशी धरून बसला होता.

"दादानू," शेजारून गंगू ओरडली. ती मासळीची पाटी रिकामी करून थेट सामन्याला आली होती. "सत्यवान कसो बसलो बघा! गावाक असो रुबाबदार अध्यक्ष पयलोच गावलो."

दादांनी गंगूकडून मान फिरवली.

खेळ सुरू झाला. आमचा बाळा चढाईला गेला, दोन गडी मारून आला. मळा उसळला. दादा खुर्चीच्या पायाकडे बघत होते. रेडीने आमच्यावर लोण चढवला, सगळे गडी बाद. मळा गप्प झाला. दादा पायाकडे बघत होते. आम्ही परत गुण फेडले. एकदा सत्यवान पुढे झुकला तेव्हा पाय बोटभर बाहेर आला, आणि दादांनी ग्रामदेवतेला नारळ बोलला. सत्यवान परत मागे रेलला. पाय परत आत गेला. दादांनी नारळ मागे घेतला.

अखेर दोन्ही बाजूंचे गुण सारखे झाले आणि रेडीची शेवटची चढाई उरली. सत्यवानाला बसवेना. तो उठला, वळला आणि त्याला दादा दिसले.

"अरे, दादानू, तुमी उभे? या, बसा. माका आता उभ्यानच बघूचा आसा."

"नको नको."

"बसा ओ, खुर्ची तुमचीच मां!"

हे वाक्य दादांना सकाळपासून कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. ते पुढे झाले. आणि खुर्चीसमोर येऊन थबकले. नेहमीसारखं बसावं, तर गाव म्हणणार, दादा सत्यवानाची नक्कल करतात. गंगू तर उद्या दारोदारी मासळीबरोबर हेच विकणार. दादांनी छाती पुढे काढली, दोन्ही पाय जुळवले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या खुर्चीत ताठ बसले.

पाय गेला.

दादा उताणे पडले आणि त्याच क्षणी सगळा मळा गर्जला. गाव आपल्याला हसतोय असं समजून दादांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्यांना फक्त पाठी दिसल्या. बाळाने रेडीच्या गड्याचा घोटा धरला होता, त्याचा दम सुटला होता आणि आम्ही जिंकलो होतो. दादांकडे एकही माणूस बघत नव्हता. पडणं सोसवलं असतं, हे सोसवेना.

बऱ्याच वेळाने सत्यवान वळला. त्याने दादांना उठवलं, धोतरावरची माती झटकली आणि मोडलेली खुर्ची पाहिली.

"अरेरे! माझ्याच वजनान खिळखिळी झाली आसतली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "दादानू, काळजी नको. नवी मी मुंबयसून हाडून दितंय."

"बघा, मन बघा!" लोक म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. विजयाला पडल्या त्याहून जास्त.

आता मात्र दादांच्याने राहवेना. "ह्येचो काय संबंध?" ते ओरडले. "खुर्ची मी मोडलंय!"

"दादांचां मन पण काय ल्हान नाय हां," गंगू म्हणाली. याही बोलण्यावर टाळ्या पडल्या, पण त्या पुढच्या रांगेतच संपल्या. दादांनी दोन्ही टाळ्या मनात तोलून पाहिल्या.

"मन बिन काय नाय!" ते म्हणाले. "पाय सात वर्षां हलता. म्हणान मी तसो बसय. एक पाय लांब सोडून, हातावर रेलून! ता बसणां माझां आसा, त्येचां नाय!"

सत्यवानाने हळूच हिरवा चष्मा काढला. महादू खुर्चीचा सुटलेला पाय हातात घेऊन उभा होता. तो पायाकडे बघे, मग दादांकडे बघे.

"तुमका ठावक होता?" तो म्हणाला. "मगे सकाळी माका कित्याक सांगूक नाय?"

दादा बायकांच्या बांधाकडे वळले. आनंदीबाई पदर खोचून उठल्या होत्या.

"विचारल्यान बघा," त्या म्हणाल्या. "सांगा आता."