लाल दिव्यावरचा फोटो

त्या रविवारी मैदानात गाड्यांची ही झुंबड उडाली होती, आणि गाड्या सगळ्या म्हाताऱ्या. कुणाचा रंग उडालेला, कुणाचं दार दोरीने बांधलेलं. लाख-दीड लाख किलोमीटर तर प्रत्येकीने पालथे घातलेले. तिसऱ्या नाहीतर चौथ्या मालकाच्या पदरी पडलेल्या या गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि रांगेच्या टोकाला, मंडपात, गळ्यात माइक अडकवून इंजिनबाबा उभा होता.

मी त्याला अहो-जाहो करणार नाही. का, ते पुढे कळेलच.

"गाडी म्हणजे यंत्र नव्हे, बाळांनो! गाडी हा जीव आहे! आई आजारी पडली तर तिला पाना लावता का? हातोडी मारता का?"

"नाही!" लोक ओरडले.

"मग या माउलीला का लावता?"

एका टॅक्सीवाल्याची माउली पुढे आली. मागून निळा धूर, पोटात टकटक, आणि डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लुकलुकत होता. बाबाने बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटला. शिष्याने गुलाबाच्या वासाचं, दाट, सोनेरी 'अमृत' इंजिनात ओतलं. अख्खी बाटली. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. टकटक थांबली, धूर विरळ झाला आणि लाल दिवा विझला. टॅक्सीवाला तर हुंदके देऊन रडायला लागला.

मग शिष्याने बाबाचा रुपयाएवढा फोटो त्या विझलेल्या दिव्यावर चिकटवला. नेमका दिव्यावरच, बरं का. "हा अमंगळ डोळा परत उघडू नये म्हणून," तो म्हणाला.

"आणि सहा महिने बॉनेट उघडायचं नाही!" बाबा गरजला. "लोखंड लागलं की कृपा गेली! ती माझी पांढरी गाडी बघा. दोन लाख किलोमीटर झाले, अजून तिला पाना माहीत नाही!"

मंडपाशेजारी ती पांढरी गाडी नवरीसारखी उभी होती. भक्तांना आत डोकावता यावं म्हणून दार सताड उघडं ठेवलेलं.

मी तीस वर्षं गॅरेज चालवतो. असले तमाशे बघून मी एरवी हसलो असतो आणि कामाला लागलो असतो. पण चार महिन्यांपूर्वी या माणसाने माझ्या ताईचं घर बुडवलं होतं.

ताईची गाडीही अशीच जुनी. तिचं सगळं मीच करायचो. दर सात हजार किलोमीटरला तेल, वेळच्या वेळी पट्टा, ब्रेक, पाणी. दीड लाखापुढची गाडी म्हणजे साठीपुढचं माणूस. पथ्यपाणी सांभाळलं तर वर्षानुवर्षं साथ देतं. तरी इंजिन थोडं झिजलं होतं. "ताई, आज ना उद्या याचं काम काढावं लागेल," मी म्हणालो होतो. ताईने मला न सांगता इंजिनबाबा गाठला. धूर गेला, आवाज गेला, आणि माझ्याकडे गाडी यायचीही बंद झाली. बॉनेट उघडायचं नव्हतं ना!

दोन महिन्यांनी भरदुपारी भाऊजींच्या छातीत कळ आली. ताईने त्यांना मागच्या सीटवर झोपवलं आणि दवाखान्याकडे निघाली. पुलाच्या बरोबर मध्यावर इंजिन जाम झालं. रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचले असते.

महिन्याभराने ताई बाबाकडे गेली. कशासाठी? तर आपलं काय चुकलं ते विचारायला! आणि त्याने माइकवर, शेकडो लोकांसमोर तिला सांगितलं, "तुझ्या मनात शंका होती. शंकेने अमृत नासलं. नवऱ्याला तूच मारलंस."

तेव्हापासून ताई भिंतीला टेकून बसून असायची. ताटातलं अन्न तसंच राहायचं. मी तेलाचं बोलायला लागलो की म्हणायची, "तुला नाही कळायचं. माझीच श्रद्धा कमी पडली." भाऊजी तर गेलेच होते, आता ताईही डोळ्यांदेखत चालली होती. मी शपथ घेतली, पोलिसात तर देईनच, पण त्याआधी हा माणूस याच माइकवर, याच लोकांसमोर स्वतःच्या तोंडाने खरं बोलला पाहिजे.

मी ताईच्या गाडीचं इंजिन उघडलं. आत तेल जेमतेम कपभर, तेही डांबरासारखं. मग गर्दीतून एक बाटली मिळवली आणि तपासली. गिअरचं जाड तेल, त्याला आणखी दाट करणारं औषध आणि वर अत्तर. झिजलेल्या इंजिनात चिकट काही ओतलं की फटी भरतात. म्हणून धूर कमी होतो, टकटक दबते, तेलाचा दाब वाढतो आणि लाल दिवाही विझतो. दुखणं आत तसंच. इंजिन हळूहळू तेल पितच राहतं, आणि बॉनेट उघडायची बंदी असल्यामुळे कुणी बघत नाही. तेल संपत आलं की दिवा पुन्हा पेटतो. पण तो दिसणार कसा? त्याच्यावर बाबा हसत बसलेला असतो!

एवढं कळलं, पण भक्ताला पुरावा देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. काटा काढायला मला बाबाचाच काटा हवा होता. तो एका रविवारी आपसूक सापडला. त्या पांढऱ्या गाडीजवळ माझा चष्मा पडला, मी उचलायला वाकलो आणि सवयीने गाडीखाली नजर गेली.

आमच्या उस्तादांची एक खोड होती. तेल बदललं की ते सोडायच्या खालच्या बोल्टवर नेलपॉलिशची एक रेघ ओढायची, अर्धी बोल्टवर, अर्धी तेलाच्या टाकीवर. बोल्ट कुणी हलवला तर रेघ तुटते. बायकोचं नेलपॉलिश पळवतो म्हणून आम्ही त्यांची टर उडवायचो, आणि पुढे आम्ही सगळे चेले तेच करायला लागलो, प्रत्येकाचा रंग वेगळा. पाना माहीत नसलेल्या त्या गाडीच्या बोल्टवर जांभळ्या रंगाच्या सहा रेघा होत्या. पाच तुटलेल्या, एक ताजी.

जांभळा रंग माझ्या गुरुबंधूचा. त्याचं गॅरेज शेजारच्या गावात. मी फोन केला.

"पांढरी होय? दर तीन महिन्यांनी येते की," तो म्हणाला. "मालक भारी काटेकोर. सगळ्यात चांगलं तेल लागतं त्यांना. का रे?"

चार महिन्यांत पहिल्यांदा मी हसलो.

तर त्या रविवारी मी ताईला सोबत आणलं होतं. टॅक्सीवाल्याचे डोळे पुसून होताच मी पुढे झालो. "बाबा, मी मिस्त्री. तीस वर्षं पाप केलं. चार शब्द बोलू द्या."

बाबा खूश. शिष्याने दुसरा माइक माझ्या हातात दिला.

"ज्यांनी दोन महिन्यांपूर्वी अमृत घेतलं, त्या गाड्या आभार मानायला आल्यात," मी म्हणालो. "त्यांनी इंजिन चालू करावं आणि बाबांचा फोटो जरा सोलून बघावा."

"फोटो सोलणं महापाप आहे!" बाबा ओरडला.

"डोळा मिटलाय म्हणता ना?" पहिल्याच गाडीतल्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या. "मग मिटलेला डोळा बघायला भीती कसली?" त्यांनी नखाने फोटो खरवडला.

खाली लाल दिवा जळत होता.

शेजारच्याने खरवडला. लाल. त्याच्या मागच्याचा विझलेला, पुढचा पुन्हा लाल. नऊपैकी पाच. "बंद करा, इंजिनं बंद करा!" मी ओरडलो, आणि अमृत म्हणजे काय, दिवा का विझतो, का पेटतो, ते सांगून टाकलं.

बाबा डगमगला नाही. "यांच्या मनात शंका होती! श्रद्धा कमी पडली!"

अगदी तेच शब्द. गर्दीत ताईची मान खाली गेलेली मी पाहिली आणि माझं डोकं फिरलं. मी अमृताची बाटली उचलली, पांढऱ्या गाडीपाशी गेलो, आतला खटका ओढून बॉनेट उघडलं.

"तुमची श्रद्धा तर पक्की आहे ना, बाबा? घ्या मग प्रसाद!"

मी इंजिनाचं झाकण फिरवलं आणि बाटली तिरकी केली.

"ए गाढवा! ओतू नको!" माइकमधून सगळ्या मैदानावर आवाज घुमला. "इंजिन जाम होईल ना!"

तो बोलून गेला आणि मग स्वतःच्याच गळ्यातल्या माइककडे बघत राहिला.

"खाली बोल्टवरच्या जांभळ्या रेघा मोजा, जितक्या रेघा तितक्या वेळा पाना लागलाय," मी माइकवर म्हणालो. टॅक्सीवाला त्या गाडीखाली आडवा झाला. "सहा रेघा आहेत," तो खालून म्हणाला. "बोल्टवर पान्याचे ओरखडे पण आहेत."

तेवढ्यात माझ्या हातातली बाटली कुणीतरी घेतली. ताई होती. तिने शेवटच्या थेंबापर्यंत बाटली त्या इंजिनात रिकामी केली, झाकण लावलं, बॉनेट आपटलं.

"बसा," ती बाबाला म्हणाली. "जा घरी. वाटेत पूल लागतो."

चावी त्याच्या बोटाला लटकत होती. त्याने लोकांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. चावी काही लावली नाही. मग वळला आणि चालत निघाला. कुणी त्याच्या अंगाला हात लावला नाही. तसं मीच माइकवरून सगळ्यांना बजावलं. फाटकापाशी पोलीस उभे होते, माझी तक्रार सकाळीच गेली होती. शंभरेक गाड्यांमधून तो पायी गेला, आणि लोक त्याच्या पायाशी खरवडलेले फोटो टाकत होते. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. पोट भरून बरं वाटलं.

ते बरं वाटणं गॅरेजपर्यंतच टिकलं.

"माझ्या मनात शंका नव्हती रे," ताई म्हणाली. "एकदाही नव्हती. म्हणजे मी शंका घेतली असती, तर हे वाचले असते."

नाही म्हणावंसं वाटलं. पण दुःख झाकायला वर गोड फोटो चिकटवला, तर माझ्यात आणि त्या शिष्यात फरक काय राहिला?

"हो ताई," मी म्हणालो. "पण खोटं त्याने सांगितलं. तू फक्त विश्वास ठेवलास."

ती खूप रडली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मग तोंड धुतलं आणि म्हणाली, "भूक लागलीय. आणि ते तेल कसं बघायचं, ते मला दाखव."

आता दर रविवारी त्याच मैदानात ताई फडकं घेऊन उभी असते. जुन्या गाड्या येतात, आणि ती प्रत्येकाला एवढंच सांगते: तेल मोजायची पट्टी ओढा, पुसा, परत घाला, ओढा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. बघा.