छत्तीस ज्योती आणि माझे काटे

मित्रांनो, मी एक जुने, किल्लीचे घड्याळ आहे. मेणबत्त्यांच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत टांगलेले. मला घडवणारा घड्याळजी म्हणाला होता, "हे कधी खोटं बोलणार नाही." त्या शब्दाला जागत मी जन्म काढला.

आमच्या डब्यांवर छापलेले असे, 'सरासरी ३६० मिनिटे जळते.' एकदा तक्रार आली की मेणबत्त्या लवकर विझतात. मालकांनी हाताशी असलेल्या एकाच पेटीतल्या चार जाळल्या. सरासरी भरली ३४९. झाले! साच्यात मेण ओतणाऱ्या काकूंवर खापर फुटले.

"हात आखडता घेता काय, काकू? उद्यापासून येऊ नका."

काकूंचे डोळे भरले. तेवढ्यात मालकांची आत्या आली. ती गणिताची शिक्षिका.

"चारांवरून न्याय करतोस होय रे?"

"शितावरून भाताची परीक्षा करतातच की!"

"करतात, पण भात ढवळून. तू कडेची शितं उचललीस."

"मग काय गोदामातल्या वीस हजार जाळू?"

"जाळ. आणि विकशील काय, धूर?"

आत्याने चिठ्ठ्या टाकून सगळ्या गोदामातून छत्तीस निवडल्या. जुन्या नोंदवहीत मेणबत्त्या किती कमी-जास्त जळतात ते पाहिले आणि आधीच फळ्यावर लिहिले : 'छापलेले खरे असेल, तर छत्तीसांची सरासरी ३५६च्या खाली क्वचितच जाईल. गेली, तर आपण चुकलो.'

सकाळी आठला छत्तीस ज्योती पेटल्या; आत्याने काकूंनाही बोलावून घेतले होते. जी विझे, तिची वेळ आत्या माझ्याकडे पाहून लिहून घेई. एक ३३१ मिनिटांत विझली, एक ३८३ पर्यंत तगली. नेमकी ३६० ला एकही नाही! तरी बेरीज करून भागले, तेव्हा आले ३५८. माझे काटे शहारले. न जळलेल्या वीस हजारांविषयी या मूठभर ज्योती बोलत होत्या!

"म्हणजे आपलं खरं ठरलं?" मालकांनी विचारले.

"नाही रे बाबा. खोटं ठरवण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढंच. दोन मिनिटांचा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो."

मालक काकूंकडे वळले. "चुकलो मी. उद्या या."

दुसऱ्या दिवशी काकू आल्या आणि आधी मला किल्ली दिली. तो नेम त्यांनी कधी मोडला नाही. आता त्या थकल्या आहेत, टेबलावर नवे घड्याळ आले आहे आणि माझ्या काचेवर धूळ साचते.

मित्रांनो, जमले तर मला किल्ली द्या. नाही जमले, तरी कुणावर बोट रोखण्याआधी भात तेवढा ढवळून घ्या.