मालकानं पाजायचं पाणी

या, अंमळ जवळ सरका. गोष्ट थंड मुलखातली आहे, लांब बसलात तर तुमच्यापर्यंत पोचता पोचता गोठून जाईल. पण एकदा घशाखाली उतरली की राहील, एवढा शब्द देतो.

उत्तरेच्या टोकाला एका इन्यूइट गावात सरकारबरोबरच्या जमिनीच्या करारावर सही झाली, आणि त्याच सकाळी नकाशावरची तांबडी रेघ कागदावरून उतरून किनाऱ्यावर येऊन पडली. मनगटाएवढी जाड, हाताला कोमट. रेघेच्या अलीकडची जमीन गावाची. पलीकडचा समुद्र, त्यावरचा बर्फ आणि तळातलं सगळं सरकारचं. अलीकडच्या कुणाचंही पाऊल ती ओलांडेना. फेकलेला दगड मागं यायचा. कुत्री रेघेपाशी पंजा उचलायची आणि तो तसाच हवेत धरून उभी राहायची. शब्द तेवढे पलीकडे जात.

गावातली उलायुक रेघेला लागून येऊन बसली. त्या लोकांचं अर्धं आयुष्य गोठलेल्या समुद्रावर जातं. वाटा तिथं, शिकार तिथं, हिवाळ्यातली घरंसुद्धा तिथं. तिचा नवरा इटुक बर्फ फुटून त्याच खाडीत बुडाला होता. रोज त्या जागी जाऊन ती त्याच्याशी चार शब्द बोलून यायची. आता तोही सरकारचा झाला.

"वैनी, चहा घ्या," तिचा दीर आपाक म्हणाला. हा आपाक प्रार्थनामंदिरात प्रवचन गाऊन सांगायचा. त्यानं सूर लावला की भांडून आलेली माणसं एका बाकावर सरकून बसायची.

"तुमच्या भावाला कुणी विचारलं का हो, भाऊजी? सरकारात जातोस का म्हणून?"

"तो कुणाचं ऐकायचा? सरकारलाच पस्तावायची पाळी येईल."

सरकारतर्फे रेघ आखणारा हॉलबेक साहेब पलीकडे बर्फावर उभा होता. त्याच्या शब्दानं ती पडली होती, त्याच्याच शब्दानं पुसली जायची. त्याच्या मागं तेल शोधणारं जहाज थांबलं होतं.

"साहेब, समुद्र तुमचा?" उलायुकनं विचारलं.

"करारात आहे, बाई. पार तळापर्यंत."

"मग रिवाजही तुमचा. खाऱ्या पाण्यात जीव तहानलेला राहतो. सील मारला की आम्ही तोंडात बर्फ वितळवून त्याच्या तोंडात गोडं पाणी सोडतो. समुद्रात जे मेलं, त्याला मालकानं पाजायचं. मान्य?"

साहेब हसला. "मान्य. एवढा समुद्र घेतला, घोटभर पाण्याला कशाला नाही म्हणू?"

"भाऊजी, ऐकलंत ना? तुम्ही साक्षीला."

बर्फातल्या भोकातून एक सील वर आला. त्याच्या मानेत गोळी होती. तो साहेबापुढं बसला आणि त्यानं तोंड उघडलं. साहेबानं थर्मासमधली कॉफी ओतली. सीलनं ती थुंकली आणि तोंड पुन्हा उघडलं. मग साहेबानं बर्फ चघळून पाणी सोडलं, तेव्हा तो समाधानानं खाली गेला. त्याच्या मागं दुसरा होता. दुसऱ्यामागं वॉलरस, मग देवमासे. गावानं मारलेले त्यात नव्हते, त्यांना त्यांचं पाणी मिळालं होतं. हे सगळे परक्या जहाजांनी चरबीसाठी मारून तसेच टाकलेले. रांग क्षितिजापर्यंत गेली.

साहेब जहाजाकडे वळला, रांगही वळली. तो किनाऱ्याकडे धावला, तर रेघेपाशी त्याचा पाय हवेत राहिला. तो आता समुद्राचा होता.

उलायुक चहा पीत होती. "आज गोड लागतोय," ती म्हणाली.

"वैनी, त्याचे ओठ मिठाचे व्हायला लागलेत. देव बघतोय."

"बघू द्या. देवाला तहान लागली तर सांगा, किटलीत उरलाय."

"आत्ता सांगा रेघ पुसायला. आत्ता पुसेल तो."

"आधी गुडघे टेकू दे."

साहेबानं गुडघे टेकले.

"टेकले, वैनी."

"आता कपाळ टेकू दे."

साहेबानं कपाळ टेकलं. वर उठला तेव्हा त्याची जीभ पांढरी आणि कडक होती, आणि रांग पुढं सरकली. पुढं इटुक होता. अंगात उलायुकनं शिवलेला कातड्याचा अंगरखा, खांद्यावरचा तिरका टाका तसाच. तो साहेबापुढं बसला आणि त्यानं तोंड उघडलं.

"साहेब, रेघ पुसा," आपाक म्हणाला. "एक शब्द बोला."

साहेबानं तोंड उघडलं. आतून मीठ सांडलं.

उलायुकच्या हातून पेला पडला. तिनं मूठभर बर्फ तोंडात कोंबला आणि ती त्याच्याकडे झेपावली. रेघेपाशी तिचं पाऊल हवेत राहिलं. इटुक उठून पलीकडून रेघेपर्यंत आला, खाली बसला, मान मागं टाकून त्यानं तोंड उघडलं. मधे वीतभर अंतर. तिच्या तोंडात बर्फ वितळला होता. तोंड भरलेलं, म्हणून तिला त्याच्याशी बोलताही येईना. आपाकनं तिच्या वतीनं गायला सुरुवात केली.

तो अजून गातोय. तिचं पाऊल हवेत आहे, पाणी तोंडात आहे. तेव्हा मायबापहो, घरी जाऊन तांब्या तोंडाला लावाल, तेव्हा पहिल्या घोटाआधी इटुकला आठवा.